मांसाची प्रत

उज्जयिनीच्या राम घाटावर पितृपक्षातील कोणत्याही सकाळी, हरसिद्धीच्या देवळाकडून उतरत आलेले यजमान पायऱ्यांवर ओळीने बसतात, दर्भ, तीळ, जवाचे पीठ आणि भाताचे पिंड त्यांच्यासमोर मांडलेले असतात, पैलतीरी दत्त आखाड्याच्या बाजूने घंटेचा नाद येत असतो, आणि ह्या सगळ्या साहित्यात मांसाचा स्पर्शदेखील कोठे नसतो. अशा ठिकाणाचे नाव घेऊन मांसाच्या गुणवत्तेविषयी लिहिणे पुष्कळांना अनुचित वाटेल, हे मी जाणून आहे. परंतु मांसाची प्रतवारी लावण्याचा आपल्या वाङ्मयातील एक फार जुना प्रयत्न नेमका श्राद्धप्रकरणातच सापडतो. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात पितरांची तृप्ती किती काळ टिकते ह्याचा हिशेब पदार्थांवरून दिला आहे: मत्स्याने दोन महिने, हरणाच्या मांसाने तीन, मेंढ्याच्या मांसाने चार, पक्ष्याच्या मांसाने पाच, बोकडाच्या मांसाने सहा, आणि पुढे ही श्रेणी बारा वर्षांपर्यंत व त्याहीपलीकडे अक्षय तृप्तीपर्यंत चढत जाते. पुढील धर्मशास्त्रकारांनी श्राद्धातील मांस कलिवर्ज्यांत घातले आणि घाटावर तिळाचे व पिठाचे राज्य सुरू झाले, म. म. पांडुरंग वामन काणे ह्यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या चौथ्या खंडात श्राद्धविधीचा जो विस्तृत ऊहापोह केला आहे, त्यात हे स्थित्यंतर वाचावयास मिळते. माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही, की त्या प्राचीन श्रेणीचा मानदंड भक्षकाची तृप्ती हा होता. पदार्थाचे मोल ठरवताना तो ज्याला अर्पण करावयाचा त्याच्याकडे पाहावे, हे तत्त्व तेथे गृहीत धरलेले आहे.

चरकाचार्यांनी हाच विषय वैद्याच्या दृष्टीने हाताळला. सूत्रस्थानाच्या सत्ताविसाव्या अध्यायातील मांसवर्गात त्यांनी प्राण्यांचे आठ वर्ग पाडले, बोकडाचे मांस मनुष्यशरीराच्या धातूंशी समान असल्यामुळे फार शीत नाही, फार गुरू नाही व फार स्निग्धही नाही असे सांगितले, आणि त्याच अध्यायात कोणते मांस टाकून द्यावे ह्याचीही यादी दिली. आपोआप मेलेल्या, रोडावलेल्या, अतिमेदयुक्त, वृद्ध, अतिबाल, विषाने मारलेल्या वा श्वापदाने फाडलेल्या प्राण्याचे मांस वर्ज्य, हे तर कोणालाही पटेल. पण त्या यादीत आणखी एक प्राणी आहे, तो म्हणजे आपल्या स्वाभाविक प्रदेशाबाहेर पोसला गेलेला. प्राणी कोठे वाढला, काय खाऊन वाढला, ह्याचा मांसाच्या गुणांशी संबंध आहे, आणि खाणाऱ्याने तो विचारला पाहिजे, असा हा आग्रह आहे. आज युरोप-अमेरिकेत आणि आता आपल्याकडील शहरांतही जो गिऱ्हाईक पाकिटावरचा उगम शोधतो, त्याच्या प्रश्नाचे मूळ इतके जुने आहे.

अर्थशास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात विक्रीच्या जिनसांचे गुण तीन जातींत विभागले. काही गुण खरेदीपूर्वी डोळ्यांना दिसतात, काही वापरल्यावर कळतात, आणि काही असे असतात की वापरल्यानंतरही ग्राहकाला त्यांची खात्री स्वतःहून करता येत नाही. विकणाऱ्याच्या वा तिसऱ्या कोणाच्या शब्दावर विसंबावे लागते. मांसात ह्या तीनही जाती एकत्र नांदतात. रंग व चरबी दिसते. मृदुता, रस व चव ताटात कळते. पण जनावर कोणत्या वंशाचे, त्याला कोणती औषधे टोचली, त्याचा शेवटचा दिवस कसा गेला, हे जेवण आटोपल्यावरही अज्ञातच राहते. गेल्या शंभर वर्षांच्या मांसविज्ञानाने पहिल्या दोन जातींचा अभ्यास अत्यंत नेटाने केला. तिसऱ्या जातीकडे, निदान आपल्या देशात, पुरेसे लक्ष गेलेले नाही, आणि ज्या गुणांसाठी लोक आज सर्वाधिक पैसा मोजू लागले आहेत ते नेमके ह्या तिसऱ्या जातीतले आहेत. प्रस्तुत लेखाचा विषय ही विसंगती आहे.

जनावर मेले म्हणजे त्याचे स्नायू तत्काळ मांस बनतात असे नाही. रक्ताभिसरण थांबल्यावर प्राणवायू मिळेनासा होतो, तरी स्नायूंतील साठवलेल्या ग्लायकोजेनचे विघटन चालू राहते, त्यातून लॅक्टिक आम्ल साचते, आणि जिवंतपणी सातच्या आसपास असलेला सामू काही तासांत साडेपाचाच्या जवळ उतरतो. ह्या उतरणीवर पुढचे सारे अवलंबून आहे. ती फार वेगाने झाली तर मांस फिकट, लिबलिबीत व पाणी सोडणारे होते. आणि मुळात ग्लायकोजेनच उरलेले नसेल तर सामू वरच राहतो, मांस गडद, कोरडे व चिवट दिसते आणि लवकर नासते. आता ग्लायकोजेन संपते कशाने? तर बाजारापर्यंतच्या लांबच्या पायपिटीने, गाडीत कोंबल्याने, तहानेने, मारझोडीने, भयाने. दक्षिण आफ्रिकेतील संशोधकांनी शेळ्यांच्या बाबतीत हे विशेषेकरून दाखवले आहे: शेळी हा भेदरट प्राणी, त्यामुळे तिच्या मांसाचा अंतिम सामू पुष्कळदा अपेक्षेपेक्षा चढा राहतो. जनावराला अखेरच्या दिवशी पाणी, सावली व स्वस्थता द्यावी, हे दयेचे म्हणून सांगितले जाते, आणि ते तसे आहेच; पण त्याच उपदेशाला रसायनशास्त्राचा आधार आहे, ही गोष्ट आमच्या आठवडे बाजारांतून मोठ्या अक्षरांत लिहून लावली पाहिजे असे मला मनःपूर्वक वाटते.

सामू उतरत असता स्नायू ताठरतात, आणि ह्या ताठरपणाच्या ऐन भरात शिजवलेले मांस सर्वांत चिवट लागते. नंतर स्नायूंतीलच कॅल्पेननामक विकर तंतूंची बंधने हळूहळू सैल करतात. म्हणून थंड हवेच्या मुलखांत मांस काही दिवस टांगून ठेवण्याची वहिवाट पडली. परंतु थंडीही अवेळी आली तर घात करते. न्यूझीलंडमधून १८८२ पासून गोठवलेले कोकराचे मांस जहाजांनी विलायतेस जात होते, आणि पुढे शीतकरण जलद झाले तसतशी ते चिवट निघाल्याची ओरड वाढू लागली. ताठरण्याची क्रिया पुरी होण्यापूर्वीच दहा अंशांखाली नेलेला स्नायू आखडतो व तो आखडलेलाच राहतो, हे लॉकर आणि हॅगयार्ड ह्यांनी १९६३ साली दाखवून दिले, आणि त्यानंतरच ह्या ओरडीचा उलगडा झाला.

आमच्याकडची वहिवाट ह्याच्या अगदी विरुद्ध टोकाची. रविवारी सकाळी बोकड कापला जातो, नऊच्या सुमारास मटण घरी येते आणि दुपारी एकला ताटात पडते. बर्फातले मांस म्हणजे शिळे, अशी ठाम समजूत. ह्या समजुतीला अडाणीपणाचे नाव देणारे अहवाल मी वाचले आहेत आणि ते मला पटलेले नाहीत. जेथे शीतसाखळी नव्हती, वीज बेभरवशाची होती आणि उन्हाळ्यात पारा चाळिसावर जात होता, तेथे डोळ्यांदेखत कापलेले मांस हीच शुद्धतेची एकमेव सनद होती. आणि मांस ताठरू लागण्याच्या सुमारास वा ताठरल्यावर शिजवणे भाग असल्यामुळे आमच्या पाकक्रियेने त्यावर उपाय शोधले होते. मंद आचेवर दीर्घकाळ रटरटणारे कालवण, दह्यात मुरवणे, कच्ची पपई लावणे, हे सर्व त्या चिवटपणाविरुद्ध योजलेले बंदोबस्त आहेत. माळवा-राजस्थानात ह्या कामी कचरी नावाचे रानफळ वापरतात. इज्जतनगरच्या भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी कचरी व आले ह्यांच्या अर्कांची म्हशीच्या मांसावर चाचणी घेऊन त्यांचा मृदुकारक गुण २००४ साली मोजमापाने सिद्ध केला. उज्जैनपासून फार दूर नसलेल्या, रतलामजवळच्या सैलाना संस्थानच्या राजघराण्याने तर मांसपाकाच्या कृती पिढ्यानपिढ्या जमवल्या, वजनमापांनिशी तपासल्या, आणि राजा दिग्विजयसिंह ह्यांनी १९८२ साली त्यांचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्या घराण्याचे स्वयंपाकघर हीदेखील एक प्रयोगशाळाच होती.

मराठी गिऱ्हाईक दुकानात काय पाहते? पहिली मागणी कोवळ्याची. दुसरी बोकडाची, मेंढीचे माथी मारले जाऊ नये म्हणून पुष्कळ दुकानांतून टांगलेल्या धडाला शेपटीचा केसाळ गोंडा राखलेला असतो, आणि तो पाहिल्याखेरीज जुनेजाणते लोक पैसे काढीत नाहीत. तिसरी मागणी तुकड्यांची: थोडी चाप, थोडी मांडी, एखादी नळी, वर दोन-चार तुकडे कलेजीचे. केवळ लुसलुशीत मांसाला आमच्याकडे मान नाही. हाडातला रस कालवणात उतरला पाहिजे. वयात आलेल्या बोकडाला जो उग्र दर्प येतो तो टाळण्यासाठी खच्ची बोकड पसंत केला जातो, आणि त्या दर्पाचे कारण ४-इथिलऑक्टॅनोइक नावाचे एक मेदाम्ल आहे, हे विज्ञानाने नंतर ओळखले. पाश्चात्त्य प्रतवारीत ज्या गोष्टींना अग्रस्थान आहे त्या, म्हणजे मांसातली चरबीची जाळी किंवा कापाचा आकार, आमच्या गिऱ्हाइकाच्या गणतीतही नाहीत. तेव्हा तेथील मापे जशीच्या तशी उचलून येथे लावणे म्हणजे एका मुलखाच्या शेरावर दुसऱ्या मुलखाचे धान्य तोलणे होय.

मापांविषयीही सांगितले पाहिजे. १९३०च्या सुमारास अमेरिकेत वॉर्नर व ब्रॅट्झलर ह्यांच्या नावाचे यंत्र रूढ झाले. शिजवलेल्या मांसाची लहान नळकांडी एका बोथट पात्याने कापावयाची आणि त्यास किती जोर लागला तो मोजावयाचा. जगभरच्या प्रयोगशाळा आजही हा आकडा देतात. ऑस्ट्रेलियाने १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात एक पाऊल पुढे टाकले. तेथील मांसव्यवसायाने तज्ज्ञांना बाजूस ठेवून सामान्य नागरिकांना जेवावयास बसवले आणि मृदुता, रसाळपणा, चव व एकूण पसंती ह्या चार बाबींवर त्यांच्याकडून गुण घेतले. आणि त्या प्रचंड नोंदीतून असे निष्पन्न झाले की प्रत ही सबंध जनावराची नसते, ती विशिष्ट स्नायूची व तो शिजवण्याच्या विशिष्ट पद्धतीची असते. एकच तुकडा भाजण्यास सामान्य आणि शिजवण्यास उत्तम ठरू शकतो. आपल्याकडे परळचे १८८६ साली स्थापन झालेले पशुवैद्यक महाविद्यालय, हैदराबादजवळ चेंगिचेर्ला येथे १९९९ पासून काम करणारी राष्ट्रीय मांस संशोधन संस्था, इज्जतनगर, अशा ठिकाणी उत्तम यंत्रे व उत्तम माणसे आहेत. पण खाणाऱ्यांची ती विशाल नोंदवही, रस्सा-भाकरीच्या पंगतीत बसून घेतलेली, अद्याप कोणी तयार केलेली नाही.

आणि खाणारे थोडे नाहीत. नमुना नोंदणी सर्वेक्षणाच्या २०१४च्या पाहणीत मध्यप्रदेशातील पंधरा वर्षांवरील लोकांपैकी सुमारे ५१ टक्के शाकाहारी आढळले, महाराष्ट्रात सुमारे ४०. म्हणजे घाटावरून दिसणाऱ्या उज्जैनमागे जो मुलूख पसरला आहे त्यातील जवळजवळ निम्मे लोक सामिष आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये उज्जैन दक्षिणचे आमदार डॉ. मोहन यादव मुख्यमंत्री झाले आणि त्यांच्या अगदी पहिल्या हुकमांपैकी एक उघड्यावरील मांस, मासे व अंडी ह्यांच्या बेकायदा विक्रीविरुद्ध होता. ह्या हुकमाच्या राजकीय बाजूची चर्चा पुष्कळ झाली आहे. मला त्यातील वेगळीच बाजू जाणवते: मांस झाकपाक होऊन आडपडद्यामागे गेले की स्वच्छतेचा लाभ होतो, पण गिऱ्हाइकाचा जो जुना पुरावा, डोळ्यांदेखतचा, तो क्षीण होतो, आणि त्या जागी दुसरा पुरावा कोणीतरी उभा केला पाहिजे.

ह्या दुसऱ्या पुराव्याची कथा उज्जैनच्या पश्चिमेस दीडशे किलोमीटरांवर, झाबुआच्या डोंगराळ भिल्ल मुलखात घडली आहे. तेथील कडकनाथ कोंबडी पिसांपासून चोचीपर्यंत काळी, कातडी काळी, मांस काळे, हाडांवरचे आवरणही काळसर. स्थानिक बोलीत तिला काली मासी म्हणतात. भिल्ल व भिलाला घरांतून ती परसात वाढते, नवसाला लागते, पाहुण्याला रांधली जाते. ह्या काळेपणाचे कारण शरीराच्या आतील उतींत मेलॅनिनचा संचय. विसाव्या गुणसूत्रावरील एका भागाची दुबार झालेली गुंतागुंतीची मांडणी त्याच्या मुळाशी आहे, आणि चीनच्या रेशमी पिसांच्या सिल्की कोंबडीत नेमका हाच फेरफार आढळतो. मार्को पोलोने आपल्या प्रवासवृत्तांत मांजरासारखे केस असलेल्या ज्या काळ्या कोंबड्यांचा उल्लेख केला आहे, त्या ह्याच गोत्रातल्या.

झाबुआच्या ग्रामीण विकास ट्रस्टने २०१२ साली भौगोलिक मानांकनासाठी अर्ज केला. मध्यंतरी छत्तीसगडच्या दंतेवाड्याने आपला हक्क पुढे केला. अखेरीस २०१८ मध्ये मानांकन झाबुआच्या पदरात पडले. जानेवारी २०१९ मध्ये झाबुआच्या कृषी विज्ञान केंद्राने, जे ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे सिंधिया कृषी विद्यापीठाच्या अंमलाखाली आहे, भारतीय क्रिकेट नियामक मंडळास पत्र लिहून कर्णधार विराट कोहली व इतर खेळाडूंनी साध्या कोंबडीऐवजी कडकनाथ खावी असे सुचवले, आणि त्यासाठी हैदराबादच्या मांस संशोधन केंद्राच्या अहवालाचा हवाला दिला. पुढच्याच वर्षी महेंद्रसिंह धोनी ह्यांनी थांदल्याच्या एका पालकाकडे दोन हजार पिल्ले मागवली; जानेवारी २०२१ मध्ये तेथे बर्ड फ्लू शिरल्याने ती मागणी लांबली आणि २०२२ मध्ये पुरी झाली. एका डोंगरी परसातल्या पक्ष्याच्या नशिबी आलेली ही कीर्ती भिल्ल पालकांच्या पदरात चार पैसे टाकून गेली, ह्याचा मला निर्भेळ आनंद आहे.

पण कीर्तीचा पाया तपासला पाहिजे. प्रसिद्धिपत्रकांतून ‘प्रथिने २५ टक्क्यांवर, मेद एक टक्क्याच्या आसपास’ असे आकडे छापले जातात व त्यांची तुलना ब्रॉयलरशी केली जाते. ब्रॉयलर पक्षी सहा आठवड्यांत दोन किलोंचा होतो. कडकनाथ दीड किलोच्या आतबाहेर येण्यास पाच-सहा महिने घेते. दोन पक्ष्यांमध्ये वंश निराळा, वय निराळे, खाद्य निराळे, हालचाल निराळी. मग मेदातील फरकाचे श्रेय त्यांपैकी कोणाला द्यावयाचे? परसात सहा महिने हिंडलेल्या कोणत्याही गावठी कोंबडीत मेद कमीच असणार. ह्याच्या उलट, करनालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोतील संशोधकांना कडकनाथच्या छातीच्या मांसात कार्नोसीन हे ऑक्सिडीकरणरोधक द्रव्य ब्रॉयलरपेक्षा अधिक आढळले, हा निष्कर्ष अधिक विचार करण्यासारखा आहे. सिल्कीच्या बाबतीतही असेच निरीक्षण झालेले आहे. मृदुतेच्या यंत्रावर मात्र ह्या पक्ष्याचा निभाव लागणार नाही. वयाबरोबर स्नायूंतील कोलॅजनचे दुवे पक्के होतात आणि पाते अधिक जोर मागते. तेच कोलॅजन मंद आचेवर विरघळून रश्शाला जो दाटपणा देते तो यंत्राच्या आकड्यात उतरत नाही, आणि झाबुआच्या चुलीवर तर त्याचीच महती आहे.

रंगाच्या पुराव्याचीही हीच अवस्था. काळे मांस म्हणजे अस्सल कडकनाथ, असे गिऱ्हाईक समजते. परंतु काळेपणाचा तो जनुक प्रभावी असल्यामुळे संकरातूनही काळी पिल्ले निघतात, आणि कापून साफ केलेल्या पक्ष्याच्या अंगावर वंशावळ लिहिलेली नसते. राम घाटावरील पंड्यांकडे यजमानांच्या वह्या असतात. गाव व आडनाव सांगितले की पान उलटले जाते आणि पणजोबांची सही दाखवली जाते. तशी वही कोंबडीच्या वंशाची ठेवली गेली असती, अंडे कोणत्या कळपातले, पिल्लू कोणाकडे गेले, ह्याची नोंद साखळीने राहिली असती, तर मानांकनाला खरे बळ आले असते.

ती वही नसल्याचे मोल महाराष्ट्राने भरले. सांगली जिल्ह्यातील इस्लामपूरच्या एका कंपनीने कडकनाथची पिल्ले देऊ, खाद्य देऊ, आणि अंडी व पक्षी चढ्या दराने परत घेऊ, अशी योजना काढली. पश्चिम महाराष्ट्रातील व इतरत्रच्या हजारो शेतकऱ्यांनी, त्यांत पुष्कळ सुशिक्षित तरुणांनी, जमिनी गहाण टाकून, कर्जे काढून त्यात पैसा घातला. आणि २०१९ साली खरेदी थांबली, कार्यालयांना कुलपे लागली, पक्षी उपाशी मरू लागले, गुन्हे दाखल झाले. ह्या प्रकरणात मांस खाणारा गिऱ्हाईक कोठेच नव्हता. कडकनाथ किती लोकांना हवी, कोणत्या दराने, कोणत्या शहरात, कशी शिजवून, ह्याचा विचारही कोणी केला नव्हता. पक्षी एकाकडून दुसऱ्याकडे पिल्लांच्या रूपाने विकला जात होता आणि ताटापर्यंत पोहोचण्याची त्याला गरजच उरली नव्हती. ग्राहकाच्या पसंतीचे संशोधन ही विद्यापीठांची हौस आहे असे मानणाऱ्यांनी त्या शेतकऱ्यांच्या घरी एकदा जाऊन यावे.

ह्याच महाराष्ट्रात दुसरे उदाहरण आहे आणि ते सांगितल्यावाचून पुढे जाणे अन्यायाचे होईल. फलटणला बनबिहारी निंबकर ह्यांनी १९६८ साली स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने दख्खनी मेंढीत सुंदरबनच्या गारोळ मेंढीतील जुळ्यांचा जनुक आणून ‘नारी सुवर्णा’ ही जात घडवली. वर्षानुवर्षे, धनगरांच्या कळपांत राहून, प्रत्येक कोकराचे वजन व आई-बाप लिहून ठेवून हे काम झाले. जनुकाची खात्री प्रयोगशाळेत, उपयोगाची खात्री कळपात. तेथे नावाच्या आधी नोंद आली होती.

कडकनाथच्या बाबतीत अजूनही हे सर्व करता येण्याजोगे आहे. एकाच वयाचे, एकाच खाद्यावर, एकाच अंगणात वाढवलेले कडकनाथ, साधे गावठी व संकरित पक्षी घ्यावेत. ते झाबुआच्या पद्धतीने मातीच्या भांड्यात आणि शहरी पद्धतीने कुकरमध्ये, अशा दोन्ही तऱ्हांनी रांधावेत. झाबुआ, इंदूर, उज्जैन, नाशिक व कोल्हापूर येथील सामान्य कुटुंबांना, नाव न सांगता, वाढावेत. आणि नंतर तेच नाव सांगून पुन्हा वाढावेत, म्हणजे किती पसंती जिभेची व किती नावाची हे स्वतंत्रपणे कळेल. पाकिटावर पक्ष्याचे वय, पालकाचे गाव, कळपाचा क्रमांक, दिलेली औषधे आणि कापल्याची तारीख व तास छापावा. ‘ताजे’ ह्या मोघम शब्दापेक्षा तो तास गिऱ्हाइकाच्या अधिक कामाचा आहे. कळपांच्या जनुकीय तपासणीचा खर्च मानांकनाचा लाभ घेणाऱ्या व्यापाऱ्यांकडून वसूल व्हावा, भिल्ल पालकाकडून नव्हे. ह्याला लागणारी विद्या आणि साधने महूच्या पशुवैद्यक महाविद्यालयात, चेंगिचेर्ल्यात व परळला उपलब्ध आहेत. झाबुआच्या कृषी विज्ञान केंद्राजवळ पालकांची ओळख आहे. आणि ह्यांपैकी कोणीही एकाने पहिला पक्षी क्रमांक घालून वहीत लिहिला, की कामाला प्रारंभ होऊ शकतो.